होडी ट्रेलरवरून सहज उतरावी आणि चढावी यासाठी रोलर कसे बसवावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे 14 फुटांची फायबरची होडी आणि 25 अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन आहे. ट्रेलर पुण्यातच बनवून घेतलेला, एका ॲक्सलचा आहे. त्यावर गालिचा गुंडाळलेल्या दोन लाकडी फळ्या आणि मधोमध दोन काळे रबरी रोलर आहेत. पानशेत आणि उजनीच्या पाण्यात होडी उतरवताना चार माणसांना ढकलावे लागते. परत चढवताना होडीचा कणा ट्रेलरच्या मागच्या आडव्या चॅनलवर आपटतो आणि होडी दर वेळी तिरकी बसते. एका फॅब्रिकेटरने फळ्या काढून 16 रोलर लावण्याचा सल्ला दिला आहे, म्हणून कोणते रोलर घ्यावेत, किती घ्यावेत आणि कुठे बसवावेत, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात गेली बावीस वर्षे होड्या आणि त्यांचे ट्रेलर दुरुस्त करण्याचे काम करतो, आणि अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक ट्रेलरवर मला रोलर कमी आढळलेले नाहीत. असलेले रोलर फिरत नसतात, किंवा ते एका रेषेत नसतात, किंवा सर्वांत मागचा रोलर चुकीच्या जागी असतो. आपल्या वर्णनावरून आपल्याकडे या तिन्ही गोष्टी थोड्याफार असाव्यात, आणि त्या तशाच ठेवून 16 रोलर लावले तर पैसे जातील आणि होडी तरीही तिरकीच बसेल.

प्रथम जोर नेमका कुठे लागतो ते पाहू. होडी, इंजिन, टाकीतले पेट्रोल, बॅटरी आणि नांगर धरून आपले वजन 400 किलोच्या आसपास असेल असे मी गृहीत धरतो. काठाचा उतार 8 फुटांना 1 फूट असेल, तर होडीला खाली खेचणारा उताराचा जोर साधारण 50 किलोचा होतो. हा जोर कोणत्याही रोलरने कमी होत नाही. दुसरा वाटा घर्षणाचा. ओल्या गालिच्यावर वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढे घर्षण धरले, तरी ते 100 किलो होते. म्हणजे उतरवताना 100 वजा 50, असा 50 किलोचा धक्का माणसांनी द्यायचा, आणि चढवताना 100 अधिक 50, असे 150 किलो विंचने, म्हणजे हँडल फिरवून पट्टा गुंडाळणाऱ्या ओढयंत्राने, ओढायचे. गालिचा कोरडा असेल किंवा त्यात वाळू अडकली असेल, तर हे आकडे आणखी वाढतात.

आता नीट फिरणारे रोलर घ्या. विंचच्या हुकाला टांगता काटा लावून मी हे अनेकदा पाहिले आहे, आणि चांगल्या स्थितीतल्या रोलरचा अडथळा वजनाच्या विसाव्या हिश्शाच्या जवळपास येतो. आपल्या होडीसाठी तो 20 किलो धरू. मग चढवताना 70 किलो ओढावे लागेल, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहून कमी. उतरवताना मात्र उताराचा 50 किलोचा जोर घर्षणाच्या 20 किलोंपेक्षा मोठा ठरतो आणि होडी कोणीही न ढकलता आपोआप खाली निघते. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण रोलरची सोय आणि रोलरचा धोका हे दोन्ही यातूनच निघतात. धोक्याकडे पुढे येतो.

यावर कोणी म्हणेल की फळ्यांच्या ट्रेलरवरूनही होड्या सहज उतरतात. ते खरे आहे, पण त्यासाठी काठावर 12 ते 15 टक्के उताराचा पक्का काँक्रीटचा उतार असावा लागतो. तिथे ट्रेलर पुरेसा खोल बुडवता येतो, होडी फळ्यांवरून तरंगत सुटते आणि घर्षणाचा प्रश्नच उरत नाही. आपल्या धरणांवर अशी सोय क्वचितच मिळते. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी गवताच्या काठाला टेकलेले असते, आणि तेच पाणी एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी खाली जाऊन मध्ये मुरमाचा, दगडांचा किंवा गाळाचा लांब पट्टा उघडा पडतो. पानशेतच्या बाजूला मुरूम आणि दगड, उजनीकडे चिकण काळी माती. अशा ठिकाणी ट्रेलर खोल नेता येत नाही, आणि नेला तर चाके रुतून बाहेर येत नाहीत. त्यामुळे ट्रेलर उथळ पाण्यात उभा ठेवून होडी उतरवता-चढवता आली पाहिजे, हीच आपली खरी गरज आहे, आणि तिच्यासाठी रोलर हे योग्यच साधन आहे.

तरीही फळ्या काढून टाकू नका, असेच मी सांगेन. रोलर होडीच्या तळाला अगदी थोड्या जागेत टेकतो, त्यामुळे सगळा भार त्या बिंदूंवर येतो. फळी तो भार लांबवर वाटते. पुणे ते उजनी अशा शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात खड्ड्यांचे धक्के तळाने सोसायचे असतात, आणि हाताने थर देऊन बनवलेल्या फायबरच्या होडीचा तळ कण्याच्या दोन्ही बाजूंना बराच पातळ असू शकतो. 16 रोलर लावले, तर त्यांतले 10 ते 12 त्या पातळ भागाखाली येतील. म्हणून माझी पद्धत अशी की वजन कण्याखालच्या रोलरांनी पेलावे, आणि फळ्यांनी होडीला दोन्ही बाजूंनी फक्त तोलून धरावे.

काही गोष्टी मात्र होडी पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. कणा भरीव आणि ठळक आहे, की तळ जवळजवळ सपाट आहे? आतून लांबीच्या दिशेने बसवलेल्या मजबुतीच्या पट्ट्या कुठून जातात? कणा मागून किती फुटांपर्यंत सरळ आहे आणि नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, कुठून वर वळतो? कणा कमकुवत असेल, तर फळ्यांना भाराचा मोठा वाटा द्यावा लागेल आणि त्या फळ्या बरोबर आतल्या पट्ट्यांखाली याव्या लागतील. पुढचे सगळे विवेचन मी असे धरून करतो की आपला कणा भरीव आहे आणि मागचे 9 फूट सरळ आहे. या लांबीच्या बहुतेक फायबरच्या होड्यांचे तसेच असते.

कामाला लागण्यापूर्वी ट्रेलर सपाट जागी गाडीला जोडून उभा करा, किंवा गाडीच्या टो-बॉलची, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या गोळ्याची, उंची मोजून ट्रेलरचे तोंड तेवढ्याच उंचीवर टेकवा. जमिनीवर तोंड टेकवून घेतलेली मापे पुढे उपयोगी पडत नाहीत. होडी दोन रुंद पट्ट्यांवर उचलून घोड्यांवर, म्हणजे उंच टेकूंवर, ठेवा. मग ट्रेलर मुळात चौकोनात आहे का, ते तपासा. टो-बॉलच्या कपलिंगपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे सारखी भरली पाहिजेत. स्थानिक बनावटीच्या ट्रेलरमध्ये मला दीड-दोन सेंटिमीटरचा फरक बऱ्याचदा सापडला आहे. असा ट्रेलर गाडीमागे किंचित तिरका धावतो, आणि मालक होडी तिरकी बसल्याचा दोष रोलरला देत राहतो. यू-बोल्ट सैल करून ॲक्सल आधी सरळ घ्या. त्यानंतर विंचच्या खांबाच्या मध्यापासून मागच्या आडव्या चॅनलच्या मध्यापर्यंत गवंडी वापरतात तशी सूतदोरी ताणून बांधा. कण्याखालचा प्रत्येक रोलर या दोरीखाली मधोमध आला पाहिजे.

आता मागच्या रोलरकडे वळू. साऱ्या मांडणीचा जीव यात आहे, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहितो.

होडी पाण्यात आडवी तरंगत असते आणि ट्रेलर उतारावर तिरका असतो. ट्रेलर खोल बुडवलेला असेल, तर ट्रेलरच्या मानाने होडीची नाळ खाली झुकलेली असते आणि ती रोलरांच्या रेषेखाली, सांगाड्यात शिरू पाहते. आपला कणा चॅनलवर आपटतो तो याच कारणाने. फळ्यांसाठी आपल्याला ट्रेलर खोल न्यावा लागतो, आणि मागचा रोलर चॅनलच्या वर किंवा पुढे बसवलेला असल्यामुळे कण्याला प्रथम भेटते ते लोखंड. उलट ट्रेलर उथळ ठेवला, तर मागचा रोलर पाण्याच्या जवळजवळ वर राहतो, नाळ त्यावर चढते आणि होडी पुढून उचलली जाते. विंच फिरत राहते, होडी वर वर येते, तिचा मागचा भाग अजून पाण्यात असतो, आणि एका क्षणी तिचा तोल पुढे जाऊन ती खाली वाकते व पुढच्या रोलरवर टेकते. इंजिनामुळे आपल्या होडीचा गुरुत्वमध्य बराच मागे आहे, त्यामुळे हा क्षण उशिरा, अर्ध्याहून अधिक होडी वर आल्यावर येतो. त्या क्षणी जवळजवळ सगळे वजन एकट्या मागच्या रोलरवर असते.

यावरून मागच्या रोलरबाबत चार गोष्टी ठरतात. तो चॅनलच्या मागे बाहेर आलेला असावा, म्हणजे कणा लोखंडाआधी रोलरला भेटेल. तो सर्वांत मोठ्या व्यासाचा असावा. मी 100 मिलिमीटरपेक्षा लहान लावत नाही, आणि त्याची पिन 20 मिलिमीटरची ठेवतो. शक्य असेल तर तिथे एकाऐवजी दोन रोलर एका झुलत्या कंसात (ब्रॅकेटमध्ये) बसवावेत, जो मधल्या पिनवर सी-सॉसारखा हलतो. होडी तिरपी येते तेव्हा तो कंस तिच्या कोनानुसार झुकतो आणि वजन दोन रोलरांवर वाटले जाते. होडी पुढे वाकते तेव्हा धप्पदिशी पडण्याऐवजी ती त्या कंसाबरोबर वळते. चौथी गोष्ट अशी की होडी पूर्ण चढल्यावर मागचा रोलर ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन टांगलेल्या मागच्या भिंतीच्या, अगदी खाली किंवा फार तर चार बोटे पुढे आला पाहिजे. होडीचा मागचा भाग रोलरच्या पलीकडे फूटभर लोंबत राहिला, तर इंजिनाच्या वजनाने फायबरचा तळ काही महिन्यांत वाकतो. तसा वाकलेला तळ पाण्यात होडीची नाळ खाली दाबतो आणि तिचा वेग कमी करतो, आणि तो दुरुस्त करणे खर्चाचे काम असते.

रोलरचा आकार डमरूसारखा, मध्ये कमरेशी बारीक आणि दोन्ही टोकांना जाड असावा. सरळ नळकांड्यासारख्या रोलरवर कणा कुठेही टेकू शकतो आणि जिथे टेकतो तिथेच चढत राहतो. डमरूवर तो आपोआप कमरेत घसरून मध्यावर येतो. आपली होडी तिरकी बसण्याचे एक कारण आपले सरळ रोलर हे असणार, आणि दुसरे कारण वारा. ट्रेलर पाण्याखाली गेला की त्याचा मध्य दिसेनासा होतो आणि बाजूचा वारा होडी ढकलतो. त्यासाठी मागच्या चॅनलच्या दोन्ही टोकांना जीआय पाइपचे दोन उभे खांब लावून त्यांवर पीव्हीसी पाइप सैल चढवावा. होडीच्या सर्वांत रुंद भागाला दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटरची मोकळीक राहील एवढे अंतर ठेवले, तर एकटा माणूससुद्धा होडी बरोबर मध्यात आणू शकतो. एवढ्या कमी खर्चात एवढा उपयोग देणारी दुसरी कोणतीही गोष्ट मी ट्रेलरवर पाहिलेली नाही.

पुढच्या रोलरांमधले अंतर ठरवताना मला नेहमी कोकणातला किनारा आठवतो. तिथे होडी वाळूवर ओढताना खाली गोल ओंडके घालतात, आणि ओंडका सरकवणारा माणूस एकाच गोष्टीवर डोळा ठेवून असतो: मागचा ओंडका सुटण्यापूर्वी पुढचा कण्याखाली गेला पाहिजे. ट्रेलरचा नियमही तोच आहे. आपल्या लांबीच्या होडीला, मागच्या झुलत्या जोडीनंतर साधारण 60 ते 70 सेंटिमीटरवर एक याप्रमाणे तीन रोलर पुरतात. जोडी धरून एकूण पाच झाले. नाळ जिथे वर वळते, तिथे मी वजन पेलणारा रोलर देत नाही. तिथे फक्त विंचच्या खांबावरचा थांबा असतो.

उंची जुळवण्याच्या कामात घाई करू नये. मागच्या जोडीच्या कमरेवर दोरीचे एक टोक आणि सर्वांत पुढच्या रोलरच्या कमरेवर दुसरे टोक ताणून धरा, आणि मधल्या रोलरांच्या कमरा या दोरीला लागतील असे त्यांचे कंस वरखाली करा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. म्हणूनच कंस वेल्डिंग करून पक्के करण्याऐवजी लांब छिद्रांतून बोल्टने आवळावेत, असा माझा आग्रह असतो. नंतर होडी वर ठेवा आणि प्रत्येक रोलर हाताने फिरवून पाहा. जो सहज फिरतो, तो होडीला टेकलेलाच नाही. पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी कणा आणि रोलर यांच्यामध्ये सरकवून पाहिली, तर डोळ्यांना न दिसणारी फटही कळते. पाचपैकी दोनच रोलर वजन घेत असतील, तर पाच लावल्याचा उपयोग होत नाही, आणि त्या दोन जागी कण्याचा जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थर, तडकायला लागतो.

हे सगळे जुळल्यावर फळ्यांकडे या. होडी रोलरांवर असताना फळ्या खालून वर आणत तळाला नुसत्या टेकवा आणि तिथेच आवळा. होडीच्या कडेवर हाताने जोर दिला तर ती डुलू नये, पण रोलरही मोकळे होऊ नयेत, एवढीच त्यांची उंची हवी. फळ्यांची मागची टोके थोडी खाली उतरती ठेवली, तर होडी चढताना त्यांच्या टोकांवर अडत नाही. गालिचा कुजला असेल तर बदला, आणि तो साध्या लोखंडी खिळ्यांनी नव्हे, तर फळीच्या बाजूने ठोकलेल्या तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या खिळ्यांनी बसवा.

रोलर कशाचे घ्यावेत याबद्दल. काळे रबर स्वस्त असते, पण ते पांढऱ्या फायबरवर काळे पट्टे उठवते, उन्हात तडकते, आणि होडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली की वजनाखाली चपटे होऊन बसते. चपटा रोलर फिरत नाही, घासला जातो. नायलॉन फार छान फिरते, पण ते कठीण असल्यामुळे फायबरच्या कण्यावर भार एका रेघेत देते. पॉलियुरेथेन, ज्याला कारखान्यांत सगळे पीयू म्हणतात, फायबरसाठी सर्वांत योग्य आहे. ते भार घेताना किंचित दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते. पुण्याची सोय अशी की भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात यंत्रांसाठी पीयूचे रोलर ओतून लेथवर आकार देणारे लोक आहेत. आपण डमरूचे माप काढून दिले तर ते तसा रोलर करून देतात. बोल्ट, यू-बोल्ट आणि वॉशर बोहरी आळीत मिळतात, आणि बेअरिंग व सील नाना पेठेत.

पिनकडे मात्र रोलरइतकेच लक्ष द्यावे. न फिरणारा रोलर उघडून पाहिला, की दहापैकी आठ वेळा आत साध्या लोखंडाची पिन गंजून फुगलेली आणि रोलरच्या छिद्रात घट्ट बसलेली सापडते. पिन स्टेनलेसची घ्या, छिद्रात नायलॉनचा बुश बसवा, पिन आणि बुश यांत साधारण अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक ठेवा, दोन्ही बाजूंना वॉशर घालून स्प्लिट पिन लावा, आणि पाण्यात न धुतले जाणारे ग्रीस भरा. पिन कधीही वेल्ड करू नका, कारण मग रोलर बदलण्यासाठी कंसच कापावा लागतो. होडी अलिबाग किंवा मुरूडकडे खाऱ्या पाण्यात न्यायची असेल, तर सांगाड्याचे हॉट-डिप गॅल्वनाइझिंग करून घ्यावे आणि प्रत्येक फेरीनंतर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवावा.

विंचचा पट्टा होडी ओढताना शक्य तितका रोलरांच्या रेषेला समांतर असावा. विंच फार उंच असेल, तर ती नाळ वर उचलते आणि सगळा भार मागच्या रोलरवर दाबते. फार खाली असेल, तर नाळ सांगाड्यावर खेचते. होडी पूर्ण चढली की नाळेची कडी थांब्याच्या रबराच्या लगेच खाली यावी. असे असले तर ब्रेक दाबल्यावर होडी पुढे उडी घेत नाही. पोलादी तारेपेक्षा 50 मिलिमीटर रुंदीचा पॉलिस्टरचा पट्टा मला जास्त सुरक्षित वाटतो. वर काढलेल्या 70 किलोंच्या हिशेबाला 500 किलो क्षमतेची विंच भरपूर आहे, आणि चिखल, झटके व जुने झालेले रोलर यांसाठी तेवढी राखीव ताकद असावीच.

आता त्या धोक्याकडे. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांच्या ट्रेलरवर मी नवे पीयू रोलर बसवले आणि पहिल्या उतरवणीला स्वतः बरोबर गेलो. त्यांना फळ्यांची सवय होती. फळ्यांवर होडी ढकलल्याशिवाय हलत नसे, म्हणून ते नेहमीप्रमाणे उतारावर थांबून, पाण्यापासून आठ-दहा फूट अलीकडेच विंचचा हुक काढायला गेले. मी मागे गाडीच्या चाकांकडे पाहत होतो. हुक सुटला आणि होडी कोणी हात लावण्यापूर्वीच निघाली. मुरमावर प्रथम इंजिनाचे खालचे पाते आपटून तुटले, मग ट्रान्समचा कोपरा फुटला. मागे कोणी उभे नव्हते, एवढेच बरे. ती चूक मी माझीच मानतो, कारण काम हातात देताना मला हे सांगायला हवे होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की ट्रान्सम पाण्यावर आल्याशिवाय हुक आणि सुरक्षा साखळी यांपैकी काहीही सोडायचे नाही, होडीच्या मागे कोणी उभे राहायचे नाही, आणि होडी विंचचा पट्टा धरूनच हळूहळू खाली सोडायची. विंचचा हँडल मोकळा सोडून फिरू देऊ नये. तो मनगट मोडू शकतो.

रोलर हलवल्यावर होडी ट्रेलरवर पुढेमागे सरकते आणि तोल बदलतो, हे बरेच जण विसरतात. ट्रेलरसह एकूण वजन 600 किलो धरले, तर गाडीच्या टो-बॉलवर साधारण 40 ते 60 किलो भार यावा. ट्रेलरच्या तोंडाखाली घरातला वजनकाटा आणि ठोकळे टो-बॉलच्याच उंचीला येतील असे ठेवून हा भार मोजता येतो. भार त्याहून कमी असेल, तर कात्रजच्या उतारावर किंवा सोलापूर रस्त्यावर वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो. तो दुरुस्त करण्यासाठी विंचचा खांब पुढे घ्यावा किंवा ॲक्सल मागे सरकवावा. खांब सरकवला तर मागचा रोलर पुन्हा ट्रान्समखाली आणायला विसरू नका.

उथळ पाण्यात काम भागल्याचा एक फायदा चाकांच्या बेअरिंगना होतो. लांबच्या प्रवासानंतर हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, गरम असतो. तो लगेच थंड पाण्यात बुडवला, की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. एक मोसम असा गेला की बेअरिंग घरघरू लागते. पोहोचल्यावर अर्धा तास थांबा, तेवढ्यात होडीची बांधाबांध सोडा, आणि नवी मांडणी झाल्यावर पाणी चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपर्यंतच येऊ देऊन पाहा. बरोबर बसवलेल्या रोलरवर आपली होडी तेवढ्या पाण्यात निघायला हवी.

उन्हाळ्यात गाळ असेल, तर गाडी पक्क्या जागीच थांबवा. ट्रेलरच्या चाकांखाली दोन जाड फळ्या टाका, 12 ते 15 मीटरचा मजबूत दोर गाडी आणि ट्रेलर यांमध्ये बांधा, आणि ट्रेलर दोरावर खाली सोडा. गाडीच्या चाकांना दगडाची उटी लावा. नुसत्या हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. आणि एक विनंती: पानशेत, वरसगाव आणि खडकवासल्याचे पाणी पुणे शहर पिते. जलसंपदा विभागाची परवानगी घेतल्याशिवाय होडी पाण्यात घालू नये, आणि पेट्रोल घरीच, काठापासून दूर भरून आणावे.

कामाचा क्रम विचाराल, तर ॲक्सल आणि मध्यरेषा आधी, मग मागची झुलती जोडी, मग मधले तीन रोलर दोरीत, मग फळ्या, मग विंच आणि थांबा, आणि शेवटी टो-बॉलवरचा भार. मधली एखादी पायरी बदलली, तर तिच्यापुढच्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतात.

पहिल्या तीन फेऱ्यांनंतर सगळे यू-बोल्ट आणि कंसांचे बोल्ट पान्याने पुन्हा आवळा, कारण नवे कंस बसताना थोडे सैलावतात. त्याच वेळी पुठ्ठ्याची पट्टी प्रत्येक रोलरवर परत एकदा सरकवून पाहा. एखाद्या रोलरवर पट्टी सुटी जात असेल, तर कोणत्या क्रमांकाचा रोलर आणि किती मिलिमीटरची फट, एवढे मला कळवा. सोबत कण्याचे मागून पुढपर्यंत दर फुटावर घेतलेले माप असेल, तर कंस किती वर घ्यायचा ते मी नेमके सांगू शकेन.